फेरोक्रोमच्या ऑर्डरसोबत कास्टिंगची ग्रेड का कळवावी?

मोठे स्टेनलेस कारखाने हाय कार्बन फेरोक्रोमच (लोखंड आणि क्रोमियमचा जास्त कार्बन असलेला मिश्रधातू) वापरतात, मग तोच स्वस्त माल आमच्या स्टेनलेस कास्टिंगला का चालत नाही, असे अनेक फाउंड्रीचालक आम्हाला विचारतात.

ओडिशातील सुकिंदा खोऱ्यातले क्रोमाइट खनिज कोक आणि क्वार्टझाइटसह सबमर्ज्ड आर्क फर्नेसमध्ये वितळवले की कोकमधील कार्बन खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि कार्बन मोनॉक्साइड होऊन निघून जातो. परंतु मोकळे झालेले क्रोमियम भट्टीतल्या कार्बनशी कार्बाइडच्या रूपाने जखडले जात असल्यामुळे या मालात साधारण ६ ते ८ टक्के कार्बन राहतोच. हा मालातील दोष नव्हे. लो कार्बन ग्रेडसाठी कार्बनऐवजी सिलिकॉनने क्षपण करावे (खनिजातला ऑक्सिजन काढावा) लागते आणि त्या जादा टप्प्याचा खर्च भावात दिसतो.

आता ३०० किलोची हीट, म्हणजे एका वेळी वितळवलेला धातू, घ्या. साध्या पोलादी स्क्रॅपवरून १८ टक्के क्रोमियम गाठायचे, तर ५४ किलो क्रोमियम, म्हणजे ६० टक्क्यांचे ९० किलो फेरोक्रोम लागते. त्यात ७ टक्के कार्बन असेल, तर ६.३ किलो कार्बन धातूत उतरतो. सीएफ८ या स्टेनलेस कास्टिंगच्या ग्रेडची कार्बनची मर्यादा ०.०८ टक्के, म्हणजे या हीटला फक्त २४० ग्रॅम आहे! ०.१ टक्क्याच्या लो कार्बन मालातून जेमतेम ९० ग्रॅम येतात.

मोठ्या कारखान्यांत एओडी कन्व्हर्टरमध्ये ऑक्सिजनसोबत आर्गॉन फुंकून क्रोमियम फारसे न जाळता कार्बन काढता येतो. आपल्या इंडक्शन फर्नेसमध्ये ती सोय नसते, त्यामुळे स्पेक्ट्रोचा (धातूतील घटक मोजणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट पाहिल्यावर धावपळ करून ती हीट सुधारत नाही.

याउलट, क्रशर आणि मिलच्या हाय क्रोम व्हाइट आयर्नच्या (जास्त क्रोमियमच्या कठीण बिडाच्या) सुट्या भागांना कार्बन हवाच असतो. तिथे लो कार्बन घेणे म्हणजे विनाकारण पैसे घालवणे आहे, आणि तसे आम्ही ग्राहकाला स्पष्ट सांगतो.

म्हणूनच ऑर्डर घेताना आम्ही कास्टिंगची ग्रेड विचारतो. काहींना ही चौकशी नकोशी वाटते, पण दोन्ही प्रकारचे तुकडे रुपेरी करडेच असल्याने ते नजरेने ओळखण्यावर विसंबता येत नाही. उघडलेली गोणी परत न घेण्याचे कारणही हेच. दोन्ही ग्रेड आमच्या गोदामात लॉटनिहाय टेस्ट सर्टिफिकेटसह मिळतात. हीटचे वजन आणि स्क्रॅपचे विश्लेषण कळवल्यास चार्जचा हिशेब आम्ही विनामूल्य करून देतो.