पिल्लांचे दूध कधी तुटते, कसे तुटते

पावसाळा सरला की रस्त्यावरच्या कुत्र्यांची वीण सुरू होते, आणि सोलापुरात दिवाळीपासून जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत पूर्वभागातल्या यंत्रमागाच्या शेडमागे, बंद दुकानाच्या पायऱ्यांखाली, बांधकामाच्या वाळूच्या ढिगाऱ्याआड पिल्लेच पिल्ले दिसू लागतात. ती डोळे उघडून दुडुदुडु चालू लागली की गल्लीतले कोणीतरी वाटीभर दूध आणून ठेवते, दुसरे कोणी त्यात भाकरी कुस्करते, आणि लवकरच त्यातले एखादे पिल्लू चपलांच्या खोक्यात बसून कोणाच्या तरी घरी रवाना होते. यामागे माया असते हे खरेच. पण पिल्लाची आतडी, त्याचे दात आणि त्याच्या आईचे शरीर यांचे वेळापत्रक मात्र कोणी विचारात घेत नाही. दूध तोडण्याचे काम मुळात कुत्रीचे आहे आणि ते ती चांगले करते. माणसाने फक्त तिला हातभार लावायचा असतो, तोही योग्य आठवड्यात.

पहिल्या तीन आठवड्यांत तर बाहेरच्या अन्नाचा विचारही करू नये. पिल्लू जन्मतः आंधळे आणि बहिरे असते. डोळे साधारण 10 ते 14 दिवसांनी उघडतात, कान त्यानंतर काही दिवसांनी. स्वतःच्या शरीराचे तापमान त्याला राखता येत नाही, आणि आईने जिभेने चाटल्याशिवाय त्याला लघवी किंवा शीसुद्धा होत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात मिळणाऱ्या चिकातून आईची प्रतिपिंडे, म्हणजे रोगांशी लढणारी प्रथिने, आतड्यावाटे त्याच्या रक्तात जातात. दिवस उलटला की हे दार बंद होते. पुढच्या दुधाची घडणही लक्षात ठेवण्यासारखी आहे. कुत्रीच्या दुधात सुमारे 9 टक्के स्निग्धांश आणि 7 ते 8 टक्के प्रथिने असतात, तर दुग्धशर्करा 3 ते 4 टक्केच असते. गाईच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिने याच्या निम्म्याहूनही कमी, आणि शर्करा मात्र 5 टक्क्यांच्या आसपास. आपल्या जिल्ह्याचे भूषण असलेल्या पंढरपुरी म्हशीचे दूध स्निग्धांशात बरेच जवळ येते, परंतु प्रथिनांत तेही तोकडे पडते आणि शर्करा तेवढीच जास्त असते. न पचलेली ही शर्करा मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेते, तिथले जीवाणू ती आंबवतात आणि पिल्लाला हगवण लागते. ‘पिल्लू लहान आहे, दूध जड होईल’ म्हणून त्यात पाणी घालण्याची पद्धत सर्वत्र दिसते. तिने बिघाड दुप्पट होतो, कारण आधीच कमी असलेली प्रथिने आणखी पातळ होतात आणि एवढ्याशा पोटात नुसते पाणी भरते.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास चित्र बदलू लागते. हिरड्यांतून दुधाचे दात डोके वर काढतात. पुढच्या काही आठवड्यांत त्यांची संख्या 28 होते. ते सुईसारखे टोकदार असतात. याच सुमारास, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आईचे दूध सर्वाधिक असते, आणि ते तयार करण्यासाठी तिला एरवीच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत अन्न लागते. पिल्ले मोठी असतील आणि तिला रोज मिळणारे अन्न तेवढेच असेल, तर तिच्या बरगड्या मोजता येतील इतकी ती झिजते. या काळातली कुत्री नीट पाहावी. सुरुवातीला आडवी होऊन तासन्‌तास दूध पाजणारी तीच मादी आता उभ्यानेच पाजते. पिल्ले मागच्या पायांवर उभी राहून, पुढचे पंजे तिच्या पोटावर रेटत सड ओढत असतात. मध्येच एखाद्याचा दात लागतो, ती झटका देऊन चालू पडते, आणि सड न सोडणारे एखादे पिल्लू दोन पावले फरफटत जाऊन धुळीत पडते. ते कुईकुई करत पुन्हा मागे धावले तर ती गुरगुरते, कधी त्याचे तोंड आपल्या जबड्यात हलकेच धरून सोडते. पाहणाऱ्याला हे निष्ठुर वाटते. प्रत्यक्षात चावा किती जोराने घ्यावा आणि कुठे थांबावे याचा पहिला धडा पिल्लू याच झटक्यांतून शिकते.

आईच्या या बदलत्या वागण्याला उत्क्रांतीच्या अभ्यासात नेमके स्थान आहे. 1974 मध्ये अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी मांडले की आई आणि अपत्य यांचे हित पूर्णपणे एक नसते. आईची सगळी पिल्ले, आजची आणि पुढच्या वेताची, तिच्या दृष्टीने सारखीच असतात. पिल्लाच्या दृष्टीने मात्र ते स्वतः भावंडांपेक्षा अधिक मोलाचे असते. त्यामुळे आईला दूध जिथे थांबवणे परवडते, त्याच्यानंतरही काही काळ ते मिळत राहावे अशी पिल्लाची धडपड चालते. रस्त्यावरच्या कुत्र्यांत एकाच वेताच्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, म्हणजे ती परस्परांची सावत्र भावंडे ठरतात आणि ही ओढाताण आणखी वाढते. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भटक्या कुत्र्यांवर हेच तपासले. माणसांनी टाकलेले अन्न आई पिल्लांना किती खाऊ देते हे त्यांनी नोंदवले, आणि पिल्ले वाढत गेली तसतसे अवघ्या चार ते सहा आठवड्यांच्या काळात आईचे वाटून खाणे घटले व हुसकावणे वाढले, असे त्यांना आढळले. आपण पोळीचा तुकडा टाकतो तेव्हा स्वतःच्याच पिल्लाला मागे सारणारी कुत्री ‘खादाड’ नसते. तिच्या हिशेबाने पिल्लाने आता स्वतःचे पाहायचे असते.

दूध ते घन अन्न या प्रवासात एक मधला टप्पा मात्र गल्लीत सहसा दिसत नाही, आणि तो समजून घ्यायचा तर सोलापूरहून बार्शी रस्त्याने नान्नजकडे पाहावे लागेल. तिथल्या माळढोक अभयारण्याच्या गवताळ माळावर भारतीय लांडगाही राहतो. लांडग्याची मादी, नर आणि कळपातले इतर लांडगे शिकार खाऊन परततात, पिल्ले त्यांच्या तोंडाचे कोपरे चाटतात, आणि मोठा लांडगा पोटातले अर्धवट पचलेले मांस त्यांच्यापुढे ओकून टाकतो. कोमट, मऊ, चावावे न लागणारे हे पिल्लांचे पहिले घन अन्न. कुत्र्यांतही काही माद्या असे करतात, नर क्वचितच. घरात पाळलेल्या कुत्रीने पिल्लांपुढे असे ओकले तर तिला बाधले असे समजून लोक धावाधाव करतात. ती एरवी ठीक असेल तर त्यात आजार नाही. मालक घरी येताच त्याचे तोंड चाटायला झेपावणारा मोठा कुत्राही बहुधा पिल्लूपणाची तीच मागणी करत असतो.

माणसाने द्यायच्या पहिल्या अन्नाचा नमुना यातूनच मिळतो. उष्टावणाला बाळाच्या तोंडी खीर लावतात तसेच इथेही आधी फक्त चव द्यायची असते. पोट भरण्याचे काम अजून आईच्या दुधाचेच असते. साधारण साडेतीन ते चार आठवड्यांच्या पिल्लांसाठी पिल्लांचे तयार खाद्य तिप्पट कोमट पाण्यात भिजवून, घोटून, लापशीसारखे करावे. घरचे द्यायचे तर गुरगुट्या भात किंवा मऊ शिजलेल्या ज्वारीच्या कण्या, त्यात हाड पूर्ण काढलेले उकडलेले चिकन वाटून किंवा उकडलेले अंडे कुस्करून घालावे. मीठ, मसाला, फोडणी काही नको. बुटक्या कडांची ताटली जमिनीवर ठेवून बोटाला लावलेली लापशी पिल्लाला चाटवावी. त्याचे नाक ताटलीत दाबू नये, कारण अन्न श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनिया होतो. पहिल्या दिवशी पिल्ले खाण्यापेक्षा ताटलीत चालण्यातच रमतात, आणि मग आई येऊन ताटली आणि पिल्ले दोन्ही चाटून साफ करते. दर दोन-तीन दिवसांनी पाणी कमी करत गेले, तर सहा-सात आठवड्यांपर्यंत ती ओलसर घन अन्न खाऊ लागतात. दिवसातून चार वेळा, थोडे थोडे. उरलेले लगेच उचलावे, कारण मार्चनंतरच्या सोलापुरी उन्हात ते बघता बघता आंबते. स्वच्छ पाणीही उथळ भांड्यात सदैव ठेवावे.

भाकरीबद्दल इथे आवर्जून लिहायला हवे, कारण आपल्या भागात कुत्र्याचे अन्न म्हणजे भाकरीच. कुत्रा पिष्टमय पदार्थ पचवू शकतो, लांडग्यापेक्षा पुष्कळच चांगले. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडिश संशोधनात, स्वादुपिंडातून येणाऱ्या अमायलेज या पाचकरसाच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती, तर कुत्र्यांत 4 पासून 30 पर्यंत प्रती आढळल्या. माणसाच्या शेतीशेजारी राहिल्याची ही खूण. पण हे झाले मोठ्या कुत्र्याचे. दूधपित्या पिल्लात अमायलेज फारच थोडे स्रवते आणि दूध तुटण्याच्या काळात हळूहळू वाढते. त्यात त्याचे पोट लिंबाएवढे. ते भाकरीने भरले तर वाढीला लागणारी प्रथिने, स्निग्धांश आणि कॅल्शियम यांना जागाच उरत नाही. उलट, नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिल्लाचीही हाडे ठिसूळ होतात, कारण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते. म्हणूनच घरचा आहार पुढे महिनोन्‌महिने चालवायचा असेल तर तो पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावा. कॅल्शियमची पावडर मनाने घालू नये, विशेषतः मोठ्या जातीच्या पिल्लांना.

भाकरीबरोबर जे जाते तेही पाहावे. आपल्या शेंगाचटणीत लसूण असतो. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात, आणि आपल्या जिल्ह्यात ती घरोघर असतात. शिजवलेल्या कोंबडीची हाडे फुटून अणकुचीदार होतात.

पिल्लू गरगरीत दिसते म्हणून ते धष्टपुष्ट आहे असे मानू नये. फुगलेले पोट आणि वर उठून दिसणारा कणा ही बहुधा जंतांची लक्षणे असतात. गोलकृमीच्या अळ्या आईच्या शरीरात सुप्त राहतात आणि गर्भारपणात जाग्या होऊन गर्भात शिरतात. अंकुशकृमी दुधावाटे जातात. त्यामुळे दोन आठवड्यांपासून दर पंधरवड्याला जंताचे औषध देतात, तेही वजनानुसार. रोज एकाच वेळी पिल्लांचे वजन करणे हा सगळ्यात प्रामाणिक दाखला आहे: जन्माचे वजन सात ते दहा दिवसांत दुप्पट होते, आणि नवे अन्न सुरू झाल्यावर एखाद्याचे वजन दिवसभराहून अधिक काळ थांबले तर त्याला पुन्हा आईजवळ अधिक वेळ द्यावा.

आता खोक्यातून नेण्याचा प्रश्न. खाऊ लागलेले पिल्लू आईपासून तोडण्याजोगे झाले, असे नाही. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांच्या दरम्यान ते भावंडांकडून, आईकडून आणि माणसांकडून वागणे शिकते. यातला पहिला भाग आईच्या सहवासातच व्हावा लागतो. चिकातून मिळालेले संरक्षणही सहाव्या आठवड्यानंतर ओसरू लागते, आणि ते लशीला आडवे येण्याइतके असते पण पार्वो या जीवघेण्या विषाणूला अडवण्याइतके नसते, असा काही काळ मध्ये येतो. म्हणून लस सहा ते आठ आठवड्यांपासून सोळाव्या आठवड्यापर्यंत ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा दिली जाते. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकण्यास केंद्र सरकारच्या 2017 च्या श्वान-पैदास नियमांनी मनाई आहे. रस्त्यावरच्या पिल्लाला दत्तक घेणाऱ्यावर हे बंधन नाही, पण कारण तेच आहे. भद्रा यांच्याच गटाने 364 पिल्लांचा मागोवा घेतला तेव्हा त्यातली जेमतेम 19 टक्के सात महिन्यांपर्यंत जगली. तेव्हा घर देणाऱ्याने पिल्लू न्यावेच, फक्त आठवा आठवडा पूर्ण होऊ द्यावा आणि नव्या घरी पहिले काही दिवस तेच जुने अन्न चालू ठेवावे.

पिल्ले गेल्यावर आईकडे कोणी पाहत नाही. दूध अचानक थांबले तर सड तटतटतात. दूध पिळून काढू नये, त्याने ते आणखी उतरते. पाळीव कुत्रीचे अन्न त्या एक-दोन दिवसांपुरते कमी करून नंतर हळूहळू पूर्ववत आणतात. सड गरम, लाल आणि दुखरे झाले, किंवा पाजण्याच्या काळात ती थरथरू लागली, पाय ताठ झाले, धापा टाकू लागली, तर त्याच तासाला डॉक्टर गाठावा. दुसऱ्या प्रकारात रक्तातले कॅल्शियम घटलेले असते आणि ते जिवावर बेतते. नसबंदीसाठी तिला नेणारे असतील, त्यांनी दूध पूर्ण आटून सड बसेपर्यंत थांबावे, म्हणजे शस्त्रक्रियाही सोपी जाते आणि मागे दूधपिती पिल्ले उपाशी राहत नाहीत.