भविष्यवेधी कादंबरीतील स्थलकाल

भविष्यवेधी कादंबरीचे कथानक ज्या जागेत आणि काळात घडते, तिथल्या वास्तू, हवामान, कायदे, बोली आणि रोजच्या सवयी यांची मिळून झालेली रचना म्हणजे त्या कादंबरीचा स्थलकाल. वर्तमानावरच्या कादंबरीत घर, रस्ता, कचेरी एवढे शब्द आले तरी उरलेले चित्र वाचक स्वतःच्या अनुभवातून भरून काढतो. भविष्यकाळाचा असा अनुभव कोणाच्याच गाठीशी नसल्यामुळे जग उभे करणे आणि गोष्ट पुढे नेणे ही दोन्ही कामे लेखकाला एकाच वाक्यातून साधावी लागतात.

आरंभीच्या कृतींत हे काम वाटाड्याकडे असे. लुई-सेबास्तियां मेर्सिए या फ्रेंच लेखकाच्या १७७१ मधील कादंबरीचा निवेदक झोपी जातो आणि २४४० सालच्या पॅरिसमध्ये जागा होतो. एडवर्ड बेलामी या अमेरिकन लेखकाच्या ‘लुकिंग बॅकवर्ड’चा (१८८८) नायक २००० सालच्या बॉस्टनमध्ये जागा होतो आणि डॉक्टर लीट त्याला नवी समाजव्यवस्था समजावून सांगतात. अशा कादंबरीतून माहिती भरपूर मिळते, पण वाचक त्या शहरात पाहुणाच राहतो.

हे पाहुणेपण संपते ते स्पष्टीकरण गाळल्यावर. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९४२ मधील एका कादंबरीत दार उघडत नाही, तर डोळ्याच्या बाहुलीसारखे विस्फारते. ते कसे चालते हे कोणी सांगत नाही, कारण त्या जगात राहणाऱ्याला त्याचे नवल वाटण्याचे कारणच नसते. वाचक अंदाज बांधतो, आणि स्वतः बांधलेल्या अंदाजावर त्याचा विश्वास अधिक बसतो.

जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४९ मधील ‘नाइन्टीन एटी-फोर’चे पहिले पान या दृष्टीने पुन्हा पुन्हा वाचण्याजोगे आहे. एप्रिलचा थंड, लख्ख दिवस आहे आणि घड्याळे तेराचे ठोके देत आहेत. इमारतीत शिरताच उकडलेल्या कोबीचा आणि जुन्या चिंध्यांच्या पायपुसण्यांचा वास येतो. दिवसा वीज बंद असल्यामुळे लिफ्ट चालत नाही, म्हणून पायावर व्रण असलेला विन्स्टन वाटेत थांबत थांबत सात जिने चढतो. राजवटीचे एकही कलम अजून सांगितलेले नाही, तरी तिचा जाच वाचकाला त्या दुखऱ्या पायातून कळलेला असतो. ओळखीचा वास आणि अनोळखी ठोका यांची ही जोड नुसत्या यंत्रांच्या वर्णनापेक्षा कितीतरी अधिक पकड घेते.

स्थलकाल पात्रांच्या वागण्यात उतरला नाही, तर तो नाटकाच्या रंगवलेल्या पडद्यासारखा मागेच लटकत राहतो. फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’मधील (१९६५) वाळवंटी ग्रहावर पाणी इतके दुर्मिळ आहे की एक टोळीप्रमुख सन्मान म्हणून यजमानांसमोर थुंकतो, शरीरातला ओलावा देणे हीच तिथली भेट ठरते. याच कादंबरीत वाड्यासमोर खजुराची वीस झाडे आहेत. एका झाडाला दिवसाला चाळीस लिटर पाणी लागते आणि माणसाला आठ, म्हणजे ही झाडे शंभर माणसांचे पाणी पितात. हा हिशेब एकदा कानावर पडला की बाहेरच्या रस्त्याने जाणारी माणसे त्या झाडांकडे कोणत्या नजरेने पाहत असतील, हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.