हायपरबोलिक क्रोशे

क्रोशाच्या सुईने ठरलेल्या प्रमाणात टाके वाढवत अपास्तीय प्रतलाचा, म्हणजेच हायपरबोलिक प्रतलाचा, तुकडा विणण्याची पद्धत. सर्वत्र सारखी ऋण वक्रता असलेला, म्हणजे प्रत्येक बिंदूपाशी खोगिरासारखा वाकलेला, पृष्ठभाग हातात धरून, घड्या घालून आणि त्यावर दोरा टाचून तपासता यावा, हा तिचा मूळ हेतू. लॅटव्हियात जन्मलेल्या गणितज्ञ डायना ताइमिना यांनी १९९७ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात ती सुरू केली. पुढे ती वर्गाबाहेर पडली आणि विज्ञानावर प्रेम करणाऱ्या हस्तकलाकारांच्या जगात तिला मोठा चाहतावर्ग मिळाला. लोकरीचे प्रवाळ हे तिचे आज सर्वात ओळखीचे रूप आहे.

क्रोशाचा गोल रुमाल विणणाऱ्या बाईला वक्रतेचे तिन्ही प्रकार हाताने ठाऊक असतात. मुक्या खांबाच्या, म्हणजे बुटक्या टाक्याच्या, विणीत दर फेरीला सुमारे सहा टाके वाढवले की रुमाल सपाट बसतो. त्याहून कमी वाढवले तर कडा आत वळून वाटी किंवा टोपी होते. ही धन वक्रता. जास्त वाढवले तर कडेला झालर पडते. ही ऋण वक्रता. घरात अशी झालर दिसली की ताटावरचा रुमाल उसवून पुन्हा विणला जातो, कारण तो नीट बसत नाही. हायपरबोलिक क्रोशाला हीच झालर हवी असते, मात्र नियमाने पडलेली.

हा नियम नीट समजून घेण्यासारखा आहे. सपाट रुमालात दर फेरीला ठरावीक टाक्यांची बेरीज होते. सहाऐवजी नऊ टाके वाढवले तरी झालर पडते, पण ती जादा जागा सगळी मध्यबिंदूपाशी साठलेली असते आणि बाकीचे कापड सपाटच राहते. अपास्तीय प्रतलात बेरजेऐवजी गुणाकार लागतो. मागच्या ओळीतल्या दर पाच टाक्यांवर सहा टाके घ्यायचे, म्हणजे चार टाक्यांत एकेक आणि पाचव्यात दोन, आणि हे प्रमाण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोडायचे नाही. वीस साखळ्यांनी सुरुवात केली तर दहाव्या ओळीत सुमारे १२४ टाके होतात, विसाव्या ओळीत ७६७ आणि तिसाव्या ओळीत पावणेपाच हजारांच्या जवळपास. तीस ओळींच्या या कामात निम्म्याहून जास्त दोरा शेवटच्या चार ओळींतच जातो. घातांकी वाढ म्हणजे काय हे फळ्यावर कितीही वेळा सांगितले, तरी शेवटच्या ओळी विणताना ती जशी कळते तशी एरवी क्वचितच कळत असेल.

कापड किती चुरगळलेले दिसेल हे प्रमाणावर ठरते. गोलाला जशी त्रिज्या असते तशी अपास्तीय प्रतलालाही एक त्रिज्या असते. ओळीची उंची अर्धा सेंटिमीटर धरली तर पाचास सहा या प्रमाणात ती सुमारे पावणेतीन सेंटिमीटर येते आणि बारास तेरा या प्रमाणात सव्वासहा सेंटिमीटरच्या आसपास. त्रिज्या लहान तितकी झालर दाट. भूमितीचे प्रयोग करायचे असतील तर बारास तेराचे सैलसर कापड सोयीचे, कारण त्यावर रेषा आखायला जागा मिळते. शोभेचे प्रवाळ करायचे असेल तर दोनास तीन, किंवा प्रत्येक टाक्यात दोन टाके.

गणिताची बाजू

युक्लिडच्या भूमितीचे पाचवे गृहीतक आज सहसा असे सांगतात : रेषेबाहेरच्या बिंदूतून त्या रेषेला एकच समांतर रेषा काढता येते. दोन हजार वर्षे हे विधान बाकीच्या गृहीतकांवरून सिद्ध करण्याचे प्रयत्न झाले आणि फसले. एकोणिसाव्या शतकात रशियाचे लोबाचेव्हस्की (१८२९) आणि हंगेरीचे यानोश बोयाय (१८३२) यांनी स्वतंत्रपणे दाखवले की अनेक समांतर रेषा मानूनही सुसंगत भूमिती उभी राहते. जर्मन गणितज्ञ गाउस यांच्याही मनात ही भूमिती होती, पण त्यांनी ती प्रसिद्ध केली नाही. १८६८ मध्ये इटलीच्या बेल्त्रामी यांनी ती ऋण वक्रतेच्या पृष्ठभागाशी जोडली. त्यांनी केलेली कागदी प्रतिकृती पाव्हिया विद्यापीठात जपून ठेवलेली आहे.

क्रोशाच्या तुकड्यावर हे सगळे करून पाहता येते. कापडाला घडी घातली की घडीची रेषा ही त्या पृष्ठभागावरची सरळ रेषा. तिच्यावर वेगळ्या रंगाचा दोरा टाचायचा, बाहेर एक बिंदू घ्यायचा आणि त्या बिंदूतून पुन्हा पुन्हा घड्या घालायच्या. पहिल्या रेषेला कधीच न मिळणाऱ्या तीन-चार रेषा सहज निघतात. तीन घड्यांचा त्रिकोण केला तर त्याच्या कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा कमी भरते आणि त्रिकोण जितका मोठा तितकी ती आणखी घटते. त्रिकोणाचे क्षेत्रफळ या तुटीवरूनच ठरते, त्यामुळे बाजू कितीही लांबवल्या तरी ते एका मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही. ही गोष्ट बुद्धीला आधी पटत नाही. कापड पसरून मोठमोठे त्रिकोण टाचत गेले की कोपरे अणकुचीदार होत जाताना डोळ्यांनी दिसतात.

गणितज्ञ जे अशक्य मानत होते ते एका विणणाऱ्या बाईने करून दाखवले, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते बरोबर नाही, आणि ताइमिना यांच्या कामाला अशा अतिशयोक्तीची गरजही नाही. जर्मन गणितज्ञ हिल्बर्ट यांनी १९०१ मध्ये सिद्ध केले ते एवढेच, की संपूर्ण, अमर्याद अपास्तीय प्रतल आपल्या त्रिमितीय अवकाशात गुळगुळीतपणे मावत नाही. क्रोशाचा तुकडा मर्यादित असतो, म्हणून त्या प्रमेयाला धक्का लागत नाही. ताइमिना यांचे श्रेय वेगळे आणि पुरेसे मोठे आहे : विद्यार्थ्यांच्या हाताळणीला टिकणारी प्रतिकृती त्यांनी दिली.

उगम

त्याआधी कागदाची प्रतिकृती होती. अमेरिकी गणितज्ञ विल्यम थर्स्टन यांच्या कल्पनेनुसार कागदाच्या वलयाकार पट्ट्या कडेला कडा लावून चिकटवायच्या. कॉर्नेलमधील डेव्हिड हेंडरसन ही प्रतिकृती वर्गात वापरत. ते ताइमिना यांचे पती. १९९७ च्या एका कार्यशाळेत ताइमिना यांनी ती पाहिली. कागद फाटका, नाजूक, आणि नवा करायला वेळखाऊ. लहानपणापासून विणकाम येत असल्याने त्यांनी आधी दोन सुयांवर प्रयत्न केला. पण त्या विणीत सगळे टाके एकाच वेळी सुईवर असतात, आणि घातांकी वाढीत ते लवकरच मावेनासे होतात. क्रोशात सुईवर एका वेळी एकच टाका राहतो, बाकीचे काम मोकळे सुटते. साधनाची ही एक सोय नसती तर पद्धत पुढे गेलीच नसती.

हेंडरसन आणि ताइमिना यांचा लेख २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ताइमिना यांच्या २००९ च्या पुस्तकाला आधी वर्षातल्या सर्वात चमत्कारिक शीर्षकाचा डायग्राम पुरस्कार मिळाला आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या मॅथेमॅटिकल असोसिएशनचा ऑयलर ग्रंथ पुरस्कार. दुसरा पुरस्कार महत्त्वाचा. घरातल्या बायकांचे काम म्हणून बाजूला ठेवलेल्या कौशल्याला गणिताच्या लेखनाचा मान त्यातून मिळाला.

याच सुमारास इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठात हिंके ओसिंगा आणि बेर्न्ड क्राउस्कॉप्फ हवामानाशी निगडित लोरेंझ समीकरणांचा एक पृष्ठभाग संगणकावर काढत होते. त्यांची गणनपद्धती पृष्ठभाग मध्यापासून कड्याकड्यांनी वाढवत नेई. संगणकाने दिलेली यादी म्हणजे क्रोशाच्या सूचनाच आहेत हे ओसिंगा यांच्या ध्यानात आले. २५,५११ टाके आणि ८५ तास लागून तो पृष्ठभाग तयार झाला. २००४ मध्ये त्यांनी सूचना छापल्या आणि दुसरी प्रत पहिल्यांदा विणून दाखवणाऱ्याला शॅम्पेनची बाटली देऊ केली. अशा कलांमध्ये हुबेहूबपणाला फार मान असतो. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेचे चाहते १९७४ पासून पडद्यावर आलेला अभिनेते टॉम बेकर यांचा लांबलचक मफलर पट्ट्यापट्ट्यांचा हिशेब ठेवून विणतात, त्यामागेही तीच निष्ठा आहे. फरक एवढाच, की तिथे जुळवायची असते एक विशिष्ट वस्तू आणि इथे एक प्रमाण.

लोकरीचे प्रवाळ

मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या जुळ्या बहिणी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या, ग्रेट बॅरियर रीफच्या प्रदेशातल्या. लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी इन्स्टिट्यूट फॉर फिगरिंग ही संस्था काढली आणि २००५ मध्ये क्रोशाचा प्रवाळ उपक्रम सुरू केला. निवड नेमकी होती, कारण अनेक प्रवाळ, सागरी गोगलगायींच्या झालरी आणि समुद्रशैवाल यांच्या कडा खरोखरच अपास्तीय असतात. कडेची वाढ आतल्या भागापेक्षा वेगाने झाली की पृष्ठभागाला वळ्या पडतात, आणि पाण्यातून अन्न गाळून घेणाऱ्या जीवाला कमी जागेत जास्त पृष्ठ मिळते. सुरुवातीचे नमुने काटेकोर प्रमाणाचे होते. पुढे विणणाऱ्यांनी प्रमाण मधेच बदलले, टाके मनाप्रमाणे वाढवले, आणि तेव्हाच ते जिवंत प्रवाळांसारखे दिसू लागले. प्लॅस्टिकच्या पिशव्या कापून केलेल्या दोऱ्याचे विषारी प्रवाळ आणि विरंजित, म्हणजे रंग उडालेल्या, प्रवाळांचे पांढरे बेटही त्यांनी उभारले.

लंडनची हेवर्ड गॅलरी, वॉशिंग्टनचे स्मिथसोनियन निसर्गेतिहास संग्रहालय, २०१९ चे व्हेनिस बिएनाले अशा ठिकाणी हे काम मांडले गेले. गावोगावचे लोक आपापले प्रवाळ विणून स्वतंत्र बेटे करतात. जर्मनीतील बाडेन-बाडेन इथे २०२२ मध्ये सुमारे चार हजार लोकांनी विणलेले चाळीस हजारांहून अधिक नमुने एकत्र आले. खरे प्रवाळ महाराष्ट्राच्या किनाऱ्यालाही आहेत : १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात, आणि विजयदुर्गपासून समुद्रात शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँकेच्या बुडालेल्या पठारावर. समुद्राचे तापमान वाढण्याचा धोका त्यांनाही तितकाच आहे.

साहित्य आणि विणण्याच्या सूचना

दोरा ताठ आणि कमी ताणला जाणारा हवा. मऊ, लवचीक लोकरीत वक्रता ताणून निघते आणि कोन मोजता येत नाहीत. साधी अ‍ॅक्रिलिक लोकर त्यापेक्षा चांगली. दोऱ्याला नेहमी वापरतो त्यापेक्षा एक आकडा बारीक सुई घ्यावी आणि टाके घट्ट घालावेत. खांबापेक्षा मुका खांब बरा, कारण त्याची उंची कमी असल्याने ओळी अधिक होतात आणि पृष्ठभाग एकसंध दिसतो. भूमितीसाठी गोल फेऱ्यांऐवजी सरळ साखळीवर मागे-पुढे ओळी घेतात, म्हणजे सुरुवातीची कड संदर्भरेषा म्हणून हाताशी राहते. पंधरा ते वीस ओळींचा तुकडा वर्गात दाखवायला पुरतो.