थेंबात वळवळणारं सगळंच रोगट नसतं

पावसाळा आला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक जुना मेसेज फिरतो: "साचलेल्या पाण्यातले सगळे आदिजीव रोग पसरवतात, कमळाच्या कुंडीतही ब्लीचिंग पावडर टाका."

आदिजीव म्हणजे प्रोटोझोआ, एकाच पेशीचे सूक्ष्म जीव. त्यांची भीती अगदीच निराधार नाही. अमीबामुळे आमांश होतो, म्हणून पिण्याचं पाणी उकळणं योग्यच. मलेरियाचाही आदिजीवच, पण तो पाण्यात राहत नाही. डास आणि माणूस यांच्यातच फिरतो.

बाकी बहुतेक आदिजीव आपल्या वाटेलाही जात नाहीत. त्यांतल्या अनेकांचं मुख्य खाणं म्हणजे जिवाणू. मातीतला अमीबा जिवाणू खातो, त्यातला जादा नायट्रोजन अमोनियमच्या रूपात बाहेर टाकतो आणि तो झाडाच्या मुळांना मिळतो. सांडपाणी शुद्धीकरणाच्या टाकीत घंटेच्या आकाराची व्हॉर्टिसेला सुटे जिवाणू गिळते, म्हणून बाहेर पडणारं पाणी नितळ होतं. वाळवीच्या अनेक जातींना लाकूड पचतं तेही पोटातल्या आदिजीवांच्या जोरावर!

पडताळायचंय? पाषाण तलावाचं पाणी बरणीत घ्या, थोडं वाळलेलं गवत टाका, झाकण सैल ठेवा. आधी जिवाणू वाढून पाणी गढुळतं (वास येतो, घरच्यांना आधीच सांगा). आठवडाभरात त्यांना खाणारे आदिजीव दिसू लागतात, बहुधा चपलेच्या तळव्यासारखं पॅरामीशियमही. शाळेतला १०० पट मोठं दाखवणारा सूक्ष्मदर्शक पुरतो. नंतर हात साबणाने धुवा.

आणि कुंडीत डासांच्या अळ्या दिसल्या, तर गप्पी मासे सोडा. ब्लीचिंग पावडरने कमळही जाईल.