नॉर्थ लुआंग्वा म्हणजे साउथ लुआंग्वाचं दुसरं गेट नव्हे

झांबियाचा बेत ठरला की एक प्रश्न हमखास येतो: "साउथ लुआंग्वाला आहोतच, तर एक दिवस नॉर्थ पण उरकून घेऊ का?" नाही हो, उरकत नाही. नकाशात वर-खाली दिसतात, नावंही सारखी, म्हणून लोक त्यांना एकाच जंगलाचे दोन झोन समजतात. लुआंग्वा नदीच्या खोऱ्यातली ही दोन वेगळी राष्ट्रीय उद्यानं आहेत. मधल्या मुन्यामाद्झी कॉरिडॉरमध्ये गावं आहेत. तो भाग गेम मॅनेजमेंट एरियात मोडतो आणि अशा भागांत परवान्यावर शिकारही चालते, तेव्हा ताडोब्याचा बफर डोळ्यासमोर आणू नका.

साउथबद्दल फार सांगत नाही. 9,050 चौरस किलोमीटरचं उद्यान, म्फुवेचा विमानतळ, नदीत पाणघोड्यांची दाटी, उघडी जीप आणि रात्री स्पॉटलाइटमध्ये बिबट्या. जिप्सीत बसायची सवय असलेल्याला तिथे नव्याने काही शिकावं लागत नाही. लुआंग्वा खोऱ्यातच आढळणारा थॉर्निक्रॉफ्ट जिराफही त्याच बाजूला बघायचा.

नॉर्थ साधारण निम्म्या आकाराचं, 4,636 चौरस किलोमीटर. कॅम्प हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, रस्ते त्याहून कमी. लोक फसतात ते इथेच: कमी रस्ते, म्हणजे तीच सफारी पण गर्दी नसलेली, असा त्यांचा समज होतो. तसं नाही. नॉर्थ मुख्यतः पायी बघायचं जंगल आहे. आता चालणं साउथमध्येही आहेच. वन्यजीव संवर्धक नॉर्मन कार यांनी पायी सफारीची प्रथा रुजवली ती याच खोऱ्यात. पण साउथमध्ये ती जीपच्या जोडीला घ्यायची एखादी सकाळ असते. नॉर्थमध्ये दिवसच तिच्याभोवती बेतलेला असतो.

फरक काय पडतो? जीपला सिंह सरावलेला असतो, तो जांभई देऊन कूस बदलतो. तोच सिंह चालत येणारी माणसं दिसली की बहुतेक वेळा दुरूनच उठून निघून जातो. तुमच्या वाट्याला येते शेपूट. म्हणजे क्लोजअप हवा असेल तर नॉर्थ तुमच्यासाठी नाही, आणि ती भलीमोठी लेन्स तीन-चार तास खांद्यावर वागवायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. पुढे रायफलवाला स्काउट, मग गाइड, मागे तुम्ही एका रांगेत. गाइड अधूनमधून चिमूटभर राख किंवा धूळ उडवून वारा बघतो. वारा म्हशींच्या कळपाकडे वाहत असेल तर सगळ्यांना वळसा घालायला लावतो, आणि त्यावर वाद घालायचा नसतो. काहीही झालं तरी पळायचं नाही. बाकी वेळ पावलांचे ठसे, लीद, वाळवीची वारुळं, म्वालेशी नदीचं उथळ पाणी बूट हातात घेऊन ओलांडणं. "दिसलं काय?" असं विचारणाऱ्याला हे वेळ वाया घालवणं वाटतं. त्याने खुशाल साउथला जावं. मला विचाराल तर मी नॉर्थच निवडेन.

गेंड्याची आशा धरू नका. झांबियातून काळा गेंडा 1998 मध्ये नामशेष जाहीर झाला आणि 2003 पासून तो नॉर्थ लुआंग्वात परत आणला गेला, हे खरं. पण तो कडक पहाऱ्यात आहे, पर्यटकांच्या यादीवर खूण करायला नाही. "बिग फाइव्ह पूर्ण" (म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, रानम्हैस आणि गेंडा, पाचही) असं छापणाऱ्या पत्रकांचा मला मनापासून राग येतो.

हंगाम साधारण जून ते ऑक्टोबर. पावसात काळ्या मातीत गाडी रुतली की काय होतं, ते विदर्भ-मराठवाड्यातल्यांना सांगायला नको. कपडे खाकी किंवा मळखाऊ हिरवे घ्या. गडद निळा आणि काळा घरीच ठेवा, त्से-त्से माश्या त्या रंगांवर तुटून पडतात. आणि पहिलीच आफ्रिका असेल तर आधी साउथ करा, मग छोट्या विमानाने नॉर्थला जा, तेही निदान तीन रात्रींसाठी.