तांत्रिक परिषदांना आचारसंहिता का लागली?

2010 पर्यंत बहुतेक तांत्रिक परिषदांकडे, म्हणजे संगणक आणि सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या संमेलनांकडे, वागणुकीचे लेखी नियम, म्हणजेच आचारसंहिता, नव्हती. इथे येतात ती शिकलेली, समजूतदार माणसं, त्यांना काय नियम शिकवायचे, असा तेव्हाचा सूर होता.

तक्रारी मात्र त्याआधीपासून होत्या. 1987 मध्ये ऑपरेटिंग सिस्टीमवरच्या एका परिषदेत स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्या आपापसांत भेटल्या आणि त्यातूनच संगणकशास्त्रज्ञ ॲनिटा बोर्ग यांनी ‘सिस्टर्स’ हा ईमेल गट सुरू केला. 1994 मध्ये संगणकशास्त्रज्ञ टेली व्हिटनी यांच्यासोबत त्यांनी संगणक क्षेत्रातल्या स्त्रियांसाठी ग्रेस हॉपर परिषद भरवली. स्त्रियांना स्वतःची जागा मिळाली, पण मुख्य परिषदांचं वातावरण फारसं बदललं नाही.

खरी कलाटणी मिळाली नोव्हेंबर 2010 मध्ये. अमेरिकेत ॲटलांटा इथल्या अपॅचीकॉन या सॉफ्टवेअर परिषदेच्या वेळी आपल्यावर लैंगिक हल्ला झाल्याचं एका सहभागी स्त्रीने जाहीरपणे लिहिलं. त्याच महिन्याच्या अखेरीस गीक फेमिनिझम या तंत्रज्ञान क्षेत्रातल्या स्त्रीवादी गटाच्या कार्यकर्त्यांनी छळविरोधी धोरणाचा एक नमुना तयार केला, कुठल्याही आयोजकाने उचलून वापरावा असा. पुढे व्हॅलरी ऑरोरा आणि मेरी गार्डिनर यांनी स्थापन केलेल्या एडा इनिशिएटिव्ह या संस्थेने तो परिषदांच्या गळी उतरवला. जानेवारी 2011 मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला झालेल्या, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवरच्या परिषदेने असं धोरण स्वीकारलं होतं. तरीही एका मुख्य भाषणाच्या स्लाइडमध्ये लैंगिक चित्रं आलीच आणि आयोजकांना माफी मागावी लागली. मला यातली माफी महत्त्वाची वाटते. धोरण नसतं, तर ‘विनोद होता, सोडा’ म्हणून विषय तिथेच मिटवला गेला असता.

नियमांना धार आली ती पैशामुळे. ज्या परिषदेला आचारसंहिता नाही तिला निधी नाही, असा ठराव पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं काम पाहणाऱ्या पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनने 2012 च्या अखेरीस केला. तात्त्विक वाद चालूच राहिले, पण धोरणं भराभर लिहिली गेली.

पुढच्याच वर्षी पायकॉन या पायथनच्या परिषदेत या व्यवस्थेची परीक्षा झाली. प्रेक्षकांतल्या दोन पुरुषांचे द्व्यर्थी विनोद ऐकून एका स्त्रीने त्यांचा फोटो ट्विटरवर टाकला. आयोजकांनी संबंधितांशी बोलून प्रकरण हाताळलं, पण तोवर ते हाताबाहेर गेलं होतं. त्या दोघांपैकी एकाची नोकरी गेली. मग त्या स्त्रीला धमक्यांचा पूर आला आणि तिचीही नोकरी गेली. जाहीर नाचक्कीने समुदायाचं नुकसान होऊ शकतं, अशा आशयाचं वाक्य नंतर पायकॉनच्या धोरणात आलं, आणि त्या वाक्यावरही टीका झाली. तक्रार नेमकी कोणाकडे करायची, ती ऐकून घेणाऱ्याने पुढे काय करायचं आणि किती गुप्तता पाळायची, हे प्रश्न या प्रकरणानंतर टाळता येईनात. कर्तव्यावरच्या व्यक्तीचा फोन नंबर, प्रशिक्षित स्वयंसेवक, परिषद संपल्यावर नावं गाळून प्रसिद्ध होणारा तक्रारींचा अहवाल, हे सगळं हळूहळू रुळत गेलं.

व्यावसायिक संस्था उशिरा जाग्या झाल्या. एसीएम या संगणक व्यावसायिकांच्या संघटनेची सुधारित नीतिसंहिता 2018 ची. आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संघटनेच्या संहितेत छळाचा स्पष्ट उल्लेख आला तो 2020 मध्ये.

एव्हाना छळ रोखण्यापलीकडचा विचारही सुरू झाला होता. फोटो नको असलेल्यांसाठी वेगळ्या रंगाची बॅजची दोरी, भाषणांचं थेट शब्दांकन, पाळणाघर. एरिक होल्शर यांनी 2017 मध्ये मांडलेला ‘पॅक-मॅन नियम’ तर फुकटात पाळता येतो: घोळक्यात गप्पा मारताना पॅक-मॅन या व्हिडिओ गेममधल्या उघड्या तोंडाच्या गोळ्यासारखी, आणखी एकजण सहज येऊन उभा राहील एवढी फट ठेवायची.