दोरी, कळ आणि सेन्सर : एकट्या ज्येष्ठांच्या घरातील सुरक्षेची पार्श्वभूमी

एकटी राहणारी वृद्ध व्यक्ती घरात पडली, तर पडण्याने होणाऱ्या इजेइतकाच धोका त्यानंतर जमिनीवर किती वेळ पडून राहावे लागते यात असतो. तासन्‌तास उठता आले नाही, तर शरीरातील पाणी घटते, दाबाने त्वचेला जखमा होतात आणि दबलेल्या स्नायूंतून रक्तात मिसळणाऱ्या द्रव्यांमुळे मूत्रपिंडांवर ताण येतो. हा काळ कमी करण्यासाठी गेल्या पाऊणशे वर्षांत जे उपाय झाले, त्यांतूनच आजची धोक्याच्या सूचना देणारी घरगुती यंत्रणा घडली.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये ज्येष्ठांसाठी छोट्या घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या. प्रत्येकाचे घर स्वतंत्र असे आणि देखरेखीसाठी एक व्यक्ती आवारातच राही. पुढे न्हाणीघरात आणि पलंगाशेजारी छतापासून दोरी सोडण्यात आली. ती ओढली की देखरेख करणाऱ्याकडे घंटा वाजे. मात्र झाडलोट करताना अडचण होते किंवा चुकून ओढली जाते म्हणून अनेक घरांत ही दोरी गाठ मारून वर बांधून ठेवलेली असे आणि जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात तिथवर पोहोचत नसे.

१९७० च्या दशकात गळ्यात किंवा मनगटावर घालायची कळ आली. जर्मनीत विल्हेल्म होर्मान यांनी टेलिफोनला जोडलेली अशी व्यवस्था विकसित केली, तर अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू डिबनर यांनी १९७४ मध्ये ‘लाइफलाइन’ सुरू केली. कळ दाबताच दूरच्या केंद्रातील माणूस फोनवर बोलू लागे, त्यामुळे देखरेख करणाऱ्याने आवारातच राहण्याची गरज उरली नाही. ही सोय मोठीच होती. परंतु केंब्रिजमधील नव्वदीपुढील ११० व्यक्तींच्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, बराच वेळ पडून राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी अशी सोय असूनही ती वापरलीच नव्हती. कळ गळ्यात नसणे, गोंधळ उडणे, ‘कुणाला कशाला त्रास द्यायचा’ असे वाटणे ही कारणे आपल्या घरांतही ओळखीची आहेत.

म्हणूनच माणसाने काहीही न करता सूचना देणाऱ्या सेन्सरकडे लक्ष वळले. धूर, गॅसगळती, नळाचे वाहून गेलेले पाणी, रात्री पलंगावरून उठून परत न येणे, अशा प्रत्येक गोष्टीसाठी उपकरण निघाले. यातला मला सर्वांत सुजाण वाटणारा प्रयोग जपानचा. १९९६ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात एक वृद्ध आई आणि तिचा आजारी मुलगा घरात मृतावस्थेत सापडले. त्यांची उपासमार शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लक्षातच आली नव्हती. या घटनेने हादरून पुढे आलेल्या कल्पनेतून झोजिरुशी कंपनीने २००१ मध्ये चहाचे पाणी तापवणारी विजेची किटली बाजारात आणली. किटली कधी वापरली याची माहिती तिच्यातील रेडिओ यंत्रणेद्वारे दूर राहणाऱ्या मुलांना ईमेलने जाई. तिथे कॅमेरा नव्हता आणि गळ्यात काही अडकवायचे नव्हते. सकाळचा चहा झाला, एवढे कळणे मुलांना पुरे होते.

ब्रिटनने २००६ पासून अशा उपकरणांसाठी सरकारी निधी दिला आणि केंट, कॉर्नवॉल व न्यूहॅम येथे मोठी चाचणी घेतली. २०१३ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरात रुग्णालय व अन्य सेवांच्या वापरात लक्षणीय घट झाली नाही. माझ्या मते त्यावरून उपकरणे निरुपयोगी ठरत नाहीत, कारण घरातल्या माणसाची निर्धास्तता रुग्णालयाच्या नोंदींत उमटत नाही. पण खर्च आपोआप वाचेल ही सरकारची आशा मात्र फोल ठरली.

सध्याची अडचण वेगळीच आहे. तांब्याच्या तारेवरील जुन्या फोनला वीज टेलिफोन केंद्रातून मिळे, त्यामुळे घरची वीज गेली तरी तो चाले. नव्या डिजिटल जोडणीचा राउटर घरच्या विजेवर चालतो. ब्रिटनमध्ये सुमारे १८ लाख लोक फोनवरून मदत बोलावणाऱ्या अशा सेवेवर अवलंबून असल्याने जुन्या तारा बंद करण्याची मुदत जानेवारी २०२७ पर्यंत पुढे ढकलावी लागली. भारतात ‘एल्डरलाइन’ या ज्येष्ठांसाठीच्या मदतवाहिनीचा १४५६७ हा क्रमांक २०२१ पासून देशभर आहे आणि तेथे माहिती, मार्गदर्शन व आधार मिळतो, परंतु त्यासाठी ज्येष्ठाला स्वतः फोन लावावा लागतो. मुले परदेशी असलेल्या पुण्या-मुंबईच्या घरांत सेन्सर आता सहज बसवता येतो, पण सूचना मुलाच्या मोबाइलवर न्यू जर्सीत पोहोचल्यावर दार उघडायला किल्ली कोणाकडे आहे, हे मात्र शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठरवावे लागते.